बंद करायची परवानगी

हे लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि आबांची सहीसुद्धा मी सातवीत असताना त्यांना शिकवली. कॉलेजातल्या मराठीच्या सरांना मी ही हकिकत एकदा बोलता बोलता सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "लिहून काढ." मी वर्षभर टाळलं. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना न विचारता लिहिणं बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून कोणाचंही नाव घातलेलं नाही. कुठे मी स्वतःला आहे त्यापेक्षा बरा दाखवला असेन तर तो भाग वाचणाऱ्यांनी खरा धरू नये.

सत्त्याऐंशी साली मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेज खोपोलीला, सकाळचं. लोधिवलीजवळच्या आमच्या वस्तीतून मी पहाटेच्या एस.टी.ने निघायचो. दुपारी एक ते सहा त्याच रस्त्यावरच्या एका कागदाच्या कारखान्यात कामाला असायचो. त्या कारखान्याच्या यार्डात आबा बारा वर्षं हमाली करत होते. मी इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालो होतो, आणि कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. टायपिंग येणारा पोरगा हवा होता. आबांनी मुकादमाला सांगितलं, मुकादमाने वर सांगितलं, आणि मला टेंपररी म्हणून घेतलं. यार्डातली माणसं मला नावाने हाक मारत नसत. "ए कॉलेज!" एवढंच. मी गेटातून आत आलो की कोणीतरी गठ्ठ्यावरून ओरडायचा, "आलं रं कॉलेज, आता मशीन चालू व्हणार!"

कॉम्प्युटरची खोली ऑफिसच्या मागच्या बाजूला होती. यंत्र एका लहान कपाटाएवढं, आणि त्याला जोडलेले टीव्हीसारखे चार पडदे, प्रत्येकापुढे टाइपरायटरसारखी बटणं. दोन आमच्या खोलीत, एक ऑफिसात, एक पार लांब गोडाऊनमध्ये. एकच यंत्र चौघांचं काम एका वेळी करत असे. खोलीत एअरकंडिशनर रात्रीखेरीज सतत चालू. मला ती थंडी सोसत नसे, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हातही मी पिशवीत स्वेटर घेऊन निघायचो आणि वस्तीतल्या बायका पाण्याला जाताना हसायच्या. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत, धूळ नको म्हणून. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "आपण देव सोडले त्याला तीस वर्षं झाली, नि हा पोरगा चपला काढून कुनाच्या गाभाऱ्यात जातो रं?" आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "आत तर घेत्यात ना. काढू दे चपला."

आत आम्ही तिघं. साहेब, बाई आणि मी. साहेब पंचेचाळिशीचे असतील. पुण्याचे, पण राहायचे कंपनीच्या क्वार्टरमध्ये. आवाज हळू. बाई नेरळहून यायच्या. ऑफिसात पंधरा वर्षं टायपिस्ट होत्या, तिथून त्यांना इकडे दिलेलं. त्यांचा हात माझ्या दुप्पट चालायचा आणि तोंड त्याहून जास्त. "अरे, ते बटण आहे, शेजारच्याची म्हैस नाही. इतकं घाबरून काय हात लावतोस?" असं त्या मला पहिल्या आठवड्यात म्हणाल्या. पाच वाजता कंपनीची बस स्टेशनला जायची. ती त्यांनी कधी चुकवली नाही, कारण पुढे कर्जतला गाडी बदलायची असे.

यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या यंत्रात प्रत्येकाचं एक नाव असे आणि त्या नावाला एक पासवर्ड. नावाप्रमाणे मुभा. माझ्या नावाने मी पावत्या भरू शकायचो, छापू शकायचो. बाईंच्या नावाने त्याहून थोडं जास्त. आणि सगळ्यांच्या वर एक नाव होतं, रूट. रूट म्हणजे मूळ, असं साहेबांनी सांगितलं. त्या नावाने आत गेलेला माणूस काहीही करू शकतो. कोणाचंही काम पाहू शकतो, पुसू शकतो. आणि यंत्र बंदही तोच करू शकतो.

मला वाटायचं, बंद करायला काय लागतं? भिंतीवरचं बटण खाली केलं की झालं. साहेबांनी समजावलं. आपण जे भरतो ते यंत्र आधी नुसतं लक्षात ठेवतं आणि सवडीने आतल्या तबकडीवर लिहितं. मध्येच वीज तोडली तर अर्धं लिहिलेलं अर्धंच राहतं, आणि कधी कधी आधीचं लिहिलेलंही वाचता येत नाही. म्हणून त्याला आधी सांगावं लागतं की आता बंद व्हायचं आहे. मग ते सगळ्या पडद्यांवर सूचना देतं, एक मिनिट थांबतं, सगळं लिहून काढतं आणि शेवटी कळवतं की आता वीज तोडलीत तरी चालेल. हे सांगण्याचा अधिकार फक्त रूटला. चौघं काम करत असताना कोणीही उठून यंत्र बंद केलं तर कसं चालेल, असा त्यामागचा विचार. तो मला तेव्हाही पटला होता, आताही पटतो.

रात्रभर ते चालू ठेवता आलं असतं. पण आमच्याकडे रात्री विजेचा भरवसा नाही, खोलीत माणूस नाही. म्हणून रोज संध्याकाळी यंत्र बंद करायचं असा वरून हुकूम होता. गोडाऊनमधल्या ट्रकच्या पावत्या साडेपाचपर्यंत चालायच्या. पावणेसहाला साहेब खुर्ची पुढे ओढायचे आणि मी उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो.

हे मला कोणी अपमान करण्यासाठी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "पासवर्ड टाकताना दुसऱ्याने पाठ फिरवायची. सगळीकडे हाच नियम आहे. मी तुझ्या वेळेला फिरवीन." आणि खरोखरच, मी माझा पासवर्ड टाकायचो तेव्हा ते खिडकीकडे बघायचे. तरीपण भिंतीकडे तोंड करून उभं राहिल्यावर माझ्या पाठीला काहीतरी व्हायचं. बटणांचे आवाज यायचे. आठ टिचक्या. त्या मोजायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, पण कानाला झाकण नसतं. शेवटी मी त्या वेळी मनात अकाउंटन्सीच्या व्याख्या म्हणायला लागलो.

दिवाळीनंतर साहेब गप्प झाले. तसे ते बोलके नव्हतेच, पण आता काही विचारलं तरी दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. बाईंनी मला सांगितलं. त्यांच्या पत्नीला पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. आजार बरा होणारा नव्हता. मूलबाळ नाही. भावजय जवळ बसायची. भेटायची वेळ रोज चार ते सात.

"मग साहेब कधी जातात?" मी विचारलं.

"रविवारी. बाकी दिवशी कसे जाणार? हे धूड सहाला झोपवायचं. मग एस.टी. पकडून, घाट चढून पुण्याला पोचेपर्यंत नऊ. नऊ वाजता कोण आत सोडतंय?"

"दुपारी अडीचला निघाले तर पाचला पोचतील."

"आणि याला कोण झोपवणार? तू?" बाई हसल्या, पण लगेच थांबल्या. "मी म्हटलं होतं त्यांना, मला शिकवा. पण माझी बस पाचला. साडेपाचच्या पावत्या मी कुठून बघणार?"

म्हणजे राहिलो मी. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी पुढची पावती भरायला घेतली.

जानेवारीत एके दिवशी बाई गेल्यावर साहेबांनी माझ्यासमोर एक कोरा कागद ठेवला. त्यावर पेन ठेवलं. म्हणाले, "रूटचा पासवर्ड मी तुला लिहून देतो. पाठ कर आणि फाडून टाक. आठवड्यातून एकदा, बुधवारी, मी लवकर जाईन. बंद तू करायचंस. करशील?"

इथे मला आमच्या घरची एक गोष्ट सांगावी लागते. मी लहान असताना आबा एका भातगिरणीवर होते. मालकाने विश्वासाने गिरणीची किल्ली त्यांच्याकडे दिली होती. आबांनी ती करगोट्याला बांधली. त्याचा त्यांना अभिमान होता, असं आई सांगायची. एके सकाळी गिरणीचा पट्टा जागेवर नव्हता. किल्ली आबांकडे. दोन दिवस त्यांना चौकीवर बसवून ठेवलं. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मालकाच्या भाच्याला आठवलं की पट्टा त्यानेच दुरुस्तीला पाठवला होता. आबांना कोणी काही म्हणालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. त्यांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि ते घरी आले. मी कारखान्यात लागलो त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "काम सांगतील त्ये कर. पन दुसऱ्याच्या घरची किल्ली हातात घ्यायची नाय. कुनी कितीबी प्रेमानं दिली तरी नाय."

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, मला पासवर्ड सांगू नका."

मला वाटलं ते कारण विचारतील. मी गिरणीची गोष्ट मनात जुळवत होतो. त्यांनी विचारलं नाही. घडी घालून कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं." पावणेसहा वाजले होते. मी उठून भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी व्याख्या आठवल्या नाहीत.

घरी मी आबांना सांगितलं. वाटलं, ते शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "साहेबाची बायको लई आजारी हाय?" मी हो म्हणालो. त्यांनी बिडी काढली, पण पेटवली नाही. मग म्हणाले, "तू बरोबरच केलंस." पण त्यांच्या आवाजात तसं नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस साहेब दुपारी जेवायला जायचे नाहीत. यंत्राबरोबर आलेली जाड इंग्रजी पुस्तकं काढून वाचत बसायचे. बाई म्हणाल्या, "परीक्षेला तू बसणार आहेस की हे?" आणि एका सोमवारी साहेबांनी मला बोलावलं.

"हे बघ. मी एक नवीन नाव तयार केलंय. 'बंद'. त्या नावाने आत गेलास तर तुला काही दिसणार नाही, काही वाचता येणार नाही, काही पुसता येणार नाही. ते नाव एकच काम करतं. यंत्र बंद करायला घेतं. दुसरं काही सांगितलंस तरी ऐकणार नाही. आणि रूटचा पासवर्ड तुला माहीत असायची गरज नाही. म्हणजे उद्या काही हरवलं तर ते तुझ्यावर येऊच शकत नाही. कळलं?"

मी गिरणीबद्दल काही बोललो नव्हतो. तरी त्यांना ते इतकं अचूक कसं उमजलं, मला माहीत नाही. कदाचित आबांनीच कुठे सांगितलं असेल.

"एक ध्यानात ठेव," साहेब म्हणाले. "वीज गेली तर हे बॅटरीचं खोकं दहा मिनिटं तग धरतं. बंद व्हायला चार मिनिटं लागतात. वीज गेली की वाट बघायची नाही. लगेच बंद करायचं."

त्या संध्याकाळी त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा यंत्र बंद केलं. इंग्रजी अक्षरांत 'बंद' लिहिलं, त्या नावाचा पासवर्ड टाकला. साहेब खिडकीकडे बघत होते. पडद्यावर सूचना आली, मिनिट गेलं, ओळी सरकल्या आणि शेवटी वीज तोडायला हरकत नाही असं आलं. मी भिंतीवरचं बटण खाली केलं. पंख्याचा आवाज हळूहळू उतरत थांबला. मला इतका आनंद झाला की चपला घालायच्या विसरून मी गेटापर्यंत गेलो.

त्या बुधवारी साहेब अडीचला निघाले. गुरुवारी आले तेव्हा दाढी केलेली होती. बाईंनी विचारलं, "कशा आहेत?" ते म्हणाले, "बोलली. अर्धा तास बोलत होती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी लवकर कसा आलो म्हणून विचारत होती. मी तुझं सांगितलं." पुढे त्या काय म्हणाल्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी उगाच एक पावती दोनदा छापली.

असे पाच बुधवार गेले. मग डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं असावं. साहेब बाईंना म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून बुधवार आणि शुक्रवार दोन्ही दिवस जाईन. माझी परीक्षा महिन्यावर आली होती. त्यांनी मला विचारलं, जमेल का. मी म्हणालो, जमेल. त्या वेळी मी मनापासून म्हणालो.

सहावा बुधवार. मार्च महिना, ऊन कडक. पाचला बाई गेल्या. पाच वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. एअरकंडिशनर बंद पडला, दिवे गेले आणि बॅटरीचं खोकं ओरडायला लागलं, दर थोड्या वेळाने एकदा. आमच्या खोलीतले पडदे बॅटरीवर होते, ते चालू राहिले. मी खुर्ची ओढली. 'बंद' लिहायला हात पुढे केला आणि माझ्या मनात आलं, गोडाऊनमध्ये कोणी काम करत असेल. त्यांचा पडदा बॅटरीवर नाही. तो काळा झाला असेल, सूचना त्यांना दिसणार नाही. सांगून केलेलं बरं. मी आतल्या फोनवरून गोडाऊन लावलं.

तिथल्या कारकुनाने उचलला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, कायम नोकरीतला.

"मी कॉम्प्युटर रूममधून बोलतोय. वीज गेलीय, मशीन बंद करतोय."

"कोन? कॉलेज का रं? साहेबांना दे."

"साहेब नाहीत. पुण्याला गेलेत."

"मग तू कोन बंद करनारा? हिकडं दोन ट्रक उभे हायत. एकाची अर्धी पावती आत टाकलीय मी. बंद केलंस तर परत सगळी भरायला तू येनार का?"

"बॅटरी दहा मिनिटंच आहे हो. बंद नाही केलं तर—"

"अरे लाईट आत्ता येतील. रोज जात्यात नि येत्यात. ड्रायव्हर माज्या डोक्यावर बसलाय. हात लावू नको, सांगून ठेवतो. उद्या म्यानेजरला काय सांगू, कॉलेजनं बंद केलं म्हनून?" मागे कोणीतरी हसलं.

मी म्हणालो, "बरं, थोडं थांबतो."

हे तीन शब्द मी का बोललो, यावर मी नंतर फार विचार केला. यंत्र मला अडवत नव्हतं. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण फोनवरचा तो आवाज मोठ्या माणसाचा होता, आणि मोठ्या माणसाने "तू कोण" म्हणून विचारलं की आपण कोण ते मला त्या क्षणी सांगता येत नाही. अजूनही येत नाही.

खोकं आता भराभर ओरडायला लागलं. मी घड्याळाकडे बघत होतो. सहा मिनिटं झाली. मी 'बंद' हे नाव लिहिलं. पासवर्डची ओळ आली. तेवढ्यात फोन वाजला.

"बंद नाय ना केलंस?"

"नाही."

"शाना हायस. धर जरा."

मी फोन धरून राहिलो; ठेवला तेव्हा नऊ मिनिटं झाली होती. पासवर्ड टाकला. पडद्यावर सूचना उमटली, एक मिनिट वाट पाहण्याची. ते मिनिट पुरं व्हायच्या आत खोकं एक लांब आवाज करून थांबलं आणि चारी बाजूंनी अंधारलं. खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं, त्यामुळे खरं तर अंधार नव्हता. पण मला तसंच आठवतं. वीज आली सहा वाजता. यंत्र सुरू करायचा अधिकार मला नव्हता आणि धाडसही नव्हतं. मॅनेजरांना सांगितलं. त्यांनी तिथूनच पुण्याच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन लावला.

गुरुवारी मी कॉलेज बुडवून सकाळीच गेलो. साहेब पहिल्या एस.टी.ने आले होते. तबकडीवरचं बरंचसं वाचता येत नव्हतं. त्यांच्यासमोर, कामाची नक्कल ज्यांवर उतरवून ठेवायचे त्या टेपांच्या जुन्या गुंडाळ्या होत्या. आठवड्यापूर्वीची टेप होती, त्यावरून सगळं पुन्हा उभं करायचं आणि मधल्या दिवसांच्या पावत्या परत भरायच्या. बाई कागद लावत होत्या. मी दाराशी उभा राहिलो. चपला काढल्या, पण आत जावं की नाही ते कळेना.

"ये आत," साहेब म्हणाले. "काय झालं ते सांग."

मी सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"मी तुला फोन कर म्हणालो नव्हतो."

"नाही साहेब."

"नाही." टेपची एक गुंडाळी उचलत म्हणाले, "चूक तुझी नाही. मी यंत्राला सांगून ठेवलं की तू सांगशील ते ऐकायचं. गोडाऊनला सांगायचं राहिलं."

बाई एकदम म्हणाल्या, "गोडाऊनने ऐकलं असतं होय? तुम्ही पण ना!" आणि डोळे पुसले. मला वाटलं त्या माझ्यासाठी रडतात.

दुपारी मॅनेजरांनी बोलावलं. मला बाहेर उभं केलं, पण दार उघडंच होतं. ते साहेबांना म्हणत होते, "टेंपररी पोराच्या हातात तुम्ही मशीन बंद करायचं दिलंत? कोणाला विचारून?" साहेब म्हणाले, "तो बंद करू शकला नाही म्हणून हे झालं. त्याने बंद केलं म्हणून नाही." मॅनेजर म्हणाले, "ते मला शिकवू नका. ते नाव आजच्या आज काढा. तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." पावत्या अजून परत आल्या नव्हत्या, पण यंत्र नुसतं सुरू होण्याइतकं उभं झालं होतं; ते नाव साहेबांनी माझ्यासमोर काढलं. त्या वेळी मी सवयीने भिंतीकडे तोंड केलं. मला उद्यापासून येऊ नको म्हणून चिठ्ठी मिळाली होती. निघताना साहेब एवढंच म्हणाले, "परीक्षा नीट दे."

मी अभ्यास केला. महिनाभर वस्तीबाहेर पडलो नाही. आबा रोज कामावरून यायचे, मी विचारायचो, "मशीन चालू झालं का?" ते म्हणायचे, "झालं आसंल. आमी यार्डात, आमाला काय कळतंय." साहेबांचं विचारलं तर म्हणायचे, "हायत." मग ते उठून मागच्या दारी जायचे. मला वाटायचं, माझ्यामुळे त्यांना तिथे ऐकून घ्यावं लागत असेल. म्हणून मी विचारणं कमी केलं.

शेवटचा पेपर देऊन मी दुपारी घरी आलो. आबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते. ओट्यावर बसले होते. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं. बरा गेला, म्हणालो. त्यांनी मला पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत थांबले.

"साहेबाची बायको गेली," ते म्हणाले. "तुला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. शुक्रवारी. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. तुजी परीक्षा व्हती म्हनून मी बोललो नाय."

मी विचारलं, "साहेब होते का जवळ?"

"नाय. कंपनीचा जीपवाला सांगत व्हता, त्यानंच त्यांना पुन्याला सोडलं, सातनंतर." आबांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. "मशीन त्या दिवशी दुपारीच चालू झालं व्हतं. दोनलाच. पन संध्याकाळी ते बंद करायला दुसरं कोन नव्हतं रं."